होडीचे दुखणे

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर शिरवणे नावाचे एक जुने गाव आहे. आज त्याच्या चहूबाजूंनी नवी मुंबई पसरलेली आहे. एका अंगाला जुईनगरचे रेल्वेस्थानक, दुसऱ्या अंगाला नेरुळच्या वसाहती आणि पूर्वेस कारखान्यांची रांग, यांच्यामध्ये गावठाणातील घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि या काठावर नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. त्यापूर्वी या काठावरील आगरी-कोळी लोकांचा संसार तीन गोष्टींवर चाले : भात, मीठ आणि मासळी. वाशीचा पूलही तेव्हा नव्हता. पैलतीरी जायचे तर होडीत बसावे, नाहीतर ठाण्यापर्यंतचा लांबचा वळसा घालावा. शेतकऱ्याला बैलजोडी जितकी गरजेची, तितकीच खाडीकाठच्या माणसाला होडी गरजेची होती.

पुढे पूल झाला, रस्ते झाले, आगगाडी आली. लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली आणि वल्ह्या-शिडांची जागा यंत्रांनी. तरीही अशा काठावरच्या गावात एखाद्या घराच्या मागील अंगणात एक जुनी शिडाची होडी पालथी पडून आहे, असे समजू या. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात. मुले तिच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळतात. दोन पावसाळे ती तशीच पडून आहे. एके दिवशी घरातील नात सहज विचारते, “आजोबा, ही होडी आता चुलीतच घालायची ना?”

आजोबा लगेच उत्तर देत नाहीत. ते लाकडी मोगरी घेतात आणि होडीच्या फळीवर टकटक करीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. एके ठिकाणी खणखणीत आवाज येतो, दुसऱ्या ठिकाणी बद्द आवाज येतो. “ऐकलेस?” ते म्हणतात, “जिथे बोलते तिथे ती धड आहे. जिथे बोलत नाही तिथे दुखणे आहे. चूल पेटवायची की सुतार बोलवायचा, ते मग ठरवू.”

जुनी होडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचे पहिले काम हेच असते. करवत आणि रंधा पुष्कळ नंतर येतात. आधी दुखणे कोठे आहे ते शोधावे लागते. मोगरीचा आवाज जिथे बद्द येईल तिथे टोच्याचे टोक हलकेच दाबून पाहतात. टणक लाकडात ते शिरत नाही. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात शिरावे तसे जाते. असे प्रत्येक ठिकाण खडूने नोंदून ठेवले म्हणजे होडीच्या अंगावर दुखण्याचा नकाशाच तयार होतो.

हा नकाशा पाहणाऱ्याला एक गोष्ट नवलाची वाटते. होडीचा जो भाग वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात बुडालेला होता, तो पुष्कळदा चांगला असतो. आणि जो भाग पाण्याच्या वर, हवेत होता, तोच कुजलेला असतो. असे का व्हावे? लाकूड कुजविणारी बुरशी जगण्यासाठी ओलावा आणि हवा दोन्ही मागते. खाऱ्या पाण्याखाली तिला पुरेशी हवा मिळत नाही, आणि मीठही तिला मानवत नाही. परंतु बाकाखालच्या कोपऱ्यात, डोलकाठीच्या बुडाशी, फळी आणि वाकाच्या फटीत पावसाचे गोडे पाणी साचले की तिची चंगळ होते. म्हणून जुन्या होडीला समुद्रापेक्षा पावसाचीच भीती अधिक. अंगणात पडलेल्या होडीवर कोणी प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळून ठेवला तर तोही तिचा शत्रूच ठरतो. कारण आतला ओलावा बाहेर पडत नाही. वरून छप्पर आणि बाजूंनी वारा, ही जुनी रीतच तिला मानवते.

समुद्रात मात्र दुसरा शत्रू असतो. लाकूड पोखरणारा एक लांबोडका मऊ जीव खाऱ्या पाण्यात राहतो. दिसतो अळीसारखा, परंतु तो खरोखर शिंपल्यांच्या कुळातला आहे. त्याचे पिल्लू सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरते आणि आतल्या आत वाढत लांब बोगदे खणीत जाते. बाहेरून फळी साफसूफ दिसते आणि हात लावताच बिस्किटासारखी मोडते. याला अडविण्यासाठी जुने लोक होडीच्या तळाला चुना आणि चरबी किंवा तेल यांचा लेप देत. फळ्यांना मुशीच्या यकृताचे तेल पाजीत. त्या तेलाचा वास दूरवर जाई, आणि होडीला तेलपाणी चालू आहे हे कोणी सांगावे लागत नसे. युरोपातील मोठ्या गलबतांच्या तळाला अठराव्या शतकात तांब्याचे पत्रे ठोकू लागले, तेही याच जिवाच्या धास्तीने.

तिसरे दुखणे खिळ्यांचे. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, आणि गंजताना फुगतो. फुगलेला खिळा भोवतालचे लाकूड फोडतो. शिवाय लोखंड आणि ओले लाकूड यांचा संयोग झाला की खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून कमकुवत होते. बाहेरून खिळ्याचे डोके शाबूत दिसते. परंतु आत त्याचा देह दाभणाएवढा बारीक झालेला असतो. होडी शांत खाडीत चालते तोवर काही कळत नाही. वादळात सापडली म्हणजे कळते.

या तिसऱ्या दुखण्याची एक मोठी कथा आहे, आणि ती शिरवण्याहून फार दूर सुरू होत नाही. ठाण्याची खाडी दक्षिणेस मुंबईच्या बंदरात मिळते. त्या बंदराच्या पलीकडच्या अंगास, मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाबा आहे. तेथील एका कारखान्यात १९६३ च्या सुमारास एका शिडाच्या नौकेची बांधणी सुरू झाली. ती बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकारी होता. नौका फार मोठी नव्हती. लांबी सुमारे ३२ फूट, म्हणजे शाळेच्या एका वर्गाइतकी. लाकूड उत्तम साग. ते घडविणारे हात मुंबईच्या सुतारांचे. हे सुतार वाकसाने लाकूड तासीत आणि दोरीच्या धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडीत. याच बंदरात शंभराहून अधिक वर्षे वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची जहाजे बांधली होती. त्यांनी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे; १९९० ते २००१ या काळात त्याची दुरुस्ती झाली, तेव्हा मूळ सागाचा मोठा भाग अजून कामाचा असल्याचे आढळले. मुंबईच्या सागाची ख्याती अशी जुनी आहे.

डिसेंबर १९६४ मध्ये ती नवी नौका नारळ फोडून पाण्यात सोडण्यात आली. अरबी खलाशांनी एका वाऱ्याला दिलेले नाव तिला मिळाले : ‘सुहेली’. लाकूड उत्तम, कारागिरी उत्तम. परंतु तिच्या फळ्या जागी धरून ठेवणारे खिळे आणि बोल्ट लोखंडाचे होते. त्या काळी हाताशी असलेली व परवडणारी वस्तू तीच. त्याची किंमत पुढे अनेक वर्षांनी द्यावी लागणार होती.

१९६८ साली इंग्लंडमधील एका वृत्तपत्राने एक स्पर्धा जाहीर केली. एकट्या माणसाने, कोठेही न थांबता आणि कोणाची मदत न घेता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. तोपर्यंत हे कोणीही केलेले नव्हते. नऊ जण निघाले. त्यांतील काहींच्या नौका ‘सुहेली’पेक्षा मोठ्या आणि वेगवान होत्या. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघाला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

अटलांटिक महासागरात थोडे दिवस गेल्यावर त्याच्या ध्यानात आले की, नौकेत येणारे पाणी वाढत चालले आहे. पंप मारून मारून हात भरून येऊ लागले. वारा पडलेला पाहून तो पाण्यात उतरला आणि बुडी मारून तळ पाहू लागला. नौकेचा कणा म्हणजे पठाण. त्याला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा उघडला होता. नौका लाटेवर हलली की ती फट कमीजास्त होताना दिसे. सांध्यात ठोकलेला कापूस बाहेर लोंबत होता. दुसऱ्या बाजूसही तोच प्रकार. बंदरात असता तर नौका वर ओढून सुताराला बोलाविता आली असती. येथे सुतार तोच, मजूर तोच, आणि काम करण्याची जागा पाण्याखाली चारपाच फुटांवर.

पहिला प्रयत्न सरळ होता. बुडी मारून तो फटीत कापूस ठोकू लागला. पण छातीतला श्वास संपण्याआधी ठोकून घेतलेला तुकडा, पुन्हा श्वास घेऊन खाली जाईपर्यंत निसटून जाई. तेव्हा तो वर आला आणि विचार करू लागला. त्याने कॅनव्हासची लांब अरुंद पट्टी कापली. तिच्यावर कापसाची वात शिवून बसविली. सगळ्याला डांबर चोपडले. तांब्याच्या लहान चुका ठरावीक अंतरावर आधीच टोचून ठेवल्या. आता पाण्याखाली करावयाचे काम एवढेच उरले : पट्टी फटीवर धरायची आणि चुका ठोकीत जायचे. पांढऱ्या कातडीमुळे शार्क मासे आकर्षिले जाऊ नयेत म्हणून त्याने निळा सदरा आणि निळी विजार अंगात घातली होती.

तरी शार्क आलाच. नौकेवर जरा विश्रांतीसाठी चढलेला असताना तो घिरट्या घालणारा मासा त्याला दिसला. तो निघून जाईल म्हणून वाट पाहिली. पण तो जाईना. अखेर त्याने बंदूक घेतली आणि त्याला मारले. आणखी शार्क येतात की काय म्हणून काही वेळ पाण्यावर नजर ठेवली, आणि मग तो पुन्हा खाली उतरला व ठोकणे सुरू केले. पुढे पट्टीवरून तांब्याची पातळ चीपही बसविली आणि संधी मिळताच दुसरी बाजू तशीच बुजविली. एवढ्या धाडसाच्या गोष्टीत शिवणकाम हा सर्वांत महत्त्वाचा भाग असावा, हे कित्येकांना गमतीचे वाटेल. परंतु जे काम श्वास रोखून करावयाचे, त्यातले शक्य तितके काम श्वास घेता येतो तिथेच उरकून घ्यावे, हे त्याला सुचले, म्हणून नौका वाचली.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहेली’ फालमथला परत आली. तिचे शीड विटलेले होते, अंगावर गंजाचे ओघळ होते. निघालेल्या नऊ जणांपैकी प्रदक्षिणा पुरी करून स्पर्धेत परत आलेला तो एकटाच.

एवढी कीर्ती मिळाल्यावर नौका संग्रहालयात जाणार हे ओघानेच आले. ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात तिला मानाने ठेवण्यात आले. छप्पर होते, पहारा होता, हवा यंत्राने कोरडी ठेवलेली होती. आणि तेथेच तिची प्रकृती ढासळू लागली! कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसल्या व सांधे उघडले. जिला महासागरांनी बुडविले नाही ती सुरक्षित दालनात मरू लागली. २००२ साली नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले. पुढे मोठी दुरुस्ती झाली. फळ्या धरून ठेवणारे जुने लोखंडी खिळे व बोल्ट उपटून त्यांच्या जागी कांशाचे बसविण्यात आले. हे काम सोपे नव्हते. गंजलेला बोल्ट मधेच तुटतो, जागचा हलत नाही, आणि जबरदस्ती केली तर साग फाटतो. सत्तरी ओलांडलेले नॉक्स-जॉन्स्टन स्वतः अवजारे घेऊन या कामात गुंतलेले असत. स्पर्धेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, जून २०१८ मध्ये, फालमथच्या पाण्यात ‘सुहेली’ पुन्हा शीड उभारून चालली.

त्याच वर्षी त्या स्पर्धेच्या स्मरणार्थ जुन्या पद्धतीची नवी स्पर्धा भरली. तीत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी ‘तुरिया’ नावाच्या नौकेतून उतरले. ही नौका ‘सुहेली’च्या आराखड्यावरून गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. पुढच्या स्पर्धेत ते दुसऱ्या नौकेतून उतरले आणि २०२३ साली दुसरे आले.

‘सुहेली’च्या दुरुस्तीत लोखंडाच्या जागी कांसेच का घातले, पितळ का नाही, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याला पडेल. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राचे पाणी त्यातील जस्त हळूहळू काढून घेते आणि मागे ठिसूळ, गुलाबी रंगाचे तांबे उरते. असा खिळा पाहण्यास धड, पण हातोडीच्या एका घावाने तुटणारा. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. ते खाऱ्या पाण्यात पुष्कळ काळ टिकते. आणखी एक पथ्य पाळावे लागते. एकाच होडीत, एकमेकांजवळ, निरनिराळे धातू वापरू नयेत. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी म्हणजे विजेची लहानशी घटमालाच होते, आणि त्यांतील दुबळा धातू झिजत जातो. तांब्याच्या चुकांशेजारी दोनच लोखंडी खिळे ठोकून वेळ निभावणारा माणूस पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा हातोडा घेऊन बसतो.

आता पुन्हा अंगणातल्या होडीकडे येऊ. जगात पुष्कळ ठिकाणी अशा लहान शिडाच्या नौका चाकांच्या गाडीवर चढवून मोटारीमागून घरी आणतात. त्यांची डोलकाठी आडवी पाडता येते, आणि तळाची खाली-वर होणारी पाटी आत ओढून घेता येते. त्यामुळे दारात नौका ठेवून सुटीच्या दिवशी तिची डागडुजी करता येते. खाडीकाठी अशी गाडी नसली तरी अडत नाही. उधाणाच्या भरतीला होडी शक्य तितकी वर आणावी, आणि तेथून ओंडक्यांवरून, चारआठ माणसांच्या खांद्यांच्या जोराने, घरापर्यंत. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. निम्मे काम पाणीच करते.

घरी आणलेली होडी नीट टेकविणे हे फार महत्त्वाचे आहे. नवशिके येथेच चुकतात. पाण्यात असताना पाणी होडीला सगळीकडून सारखे उचलून धरते. जमिनीवर दोनच दगडांवर ठेवली तर तिची टोके खाली झुकतात आणि पाठ वाकते. पठाणाखाली अनेक ठिकाणी टेकू द्यावे लागतात. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधली म्हणजे कणा सरळ आहे की नाही हे दिसते. तो वाकडा झाला असेल तर घाई करू नये. टेकूंखाली पाचरी ठोकून रोज थोडा थोडा उचलावा. वर्षानुवर्षे वाकलेले लाकूड एका दिवसात सरळ होत नाही.

मग कुजलेले लाकूड काढावयाचे. येथे एक नियम आहे, आणि तो मोडणारा पस्तावतो : सगळे एकदम काढू नये. होडीचा आकार कोठेही लिहून ठेवलेला नसतो. तो तिच्या वाकांत आणि फळ्यांत असतो. सगळे वाक एकाच वेळी काढले तर फळ्या सैल होतात आणि गलबताचा हंडा होतो. म्हणून एक वाक काढावा, त्याचा आकार पुठ्ठ्यावर किंवा पातळ फळीवर उतरून घ्यावा, नवा बसवावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. वाकासाठी सरळ लाकडातून वाकडा तुकडा कापणे वाईट. त्याचे रेषे मधेच तुटतात. जाणते सुतार बाभळीची मुळातच वाकलेली फांदी शोधतात. एरवी रानात कोणी ढुंकूनही पाहणार नाही अशा वाकड्यातिकड्या फांदीला येथे मोल येते.

फळी वाकवायची असेल तर तिला वाफ द्यावी लागते. लांब पेटीत फळी ठेवून तीत वाफ सोडतात. एक इंच जाडीला सुमारे एक तास, असा ठोकताळा आहे. बाहेर काढलेली फळी काही मिनिटेच मवाळ असते; तेवढ्यात ती जागेवर नेऊन आवळली पाहिजे. अशा वेळी घरातील सर्वांना हाका जातात. कोणी टोक धरतो, कोणी शिकंजा आवळतो, आणि लहान मुले वाटेतून दूर उभी राहतात. तेही काम थोडेथोडके नाही.

सगळी फळी बदलण्याची गरज नसते. कुजलेला भाग कापून तेथे जोड देता येतो. मात्र टोकाला टोक भिडवून चालत नाही. दोन्ही टोके तिरपी तासून एकावर एक बसवितात. उतार लांब असावा. एक इंच जाडीच्या फळीला निदान आठ इंचांचा. लागोपाठच्या दोन फळ्यांचे जोड एकाच वाकावर येऊ देत नाहीत. भिंत रचताना गवंडी विटांचे सांधे चुकवितो, त्यातलाच हा प्रकार.

होडी फायबरची असली तर दुखणे निराळे आणि औषधही निराळे. तिला बुरशी लागत नाही, परंतु ऊन खाऊन वरचा चकाकीचा थर भुकटी होतो, आणि आत पाणी मुरून फोड येतात. कधी तिच्या पोटात घातलेले लाकूडच गुपचूप कुजलेले असते. फुटलेली जागा चहूबाजूंनी उतरती घासून काचेच्या कापडाचे थर राळेसारख्या रसायनात भिजवून चढवावे लागतात. घासताना उडणारी काचेची भुकटी नाकातोंडात जाणे फार अपायकारक; तोंडाला योग्य मुखवटा बांधल्यावाचून हे काम कोणी करू नये, आणि मुलांनी तर जवळही फिरकू नये.

लाकडी होडीचे शेवटचे मोठे काम म्हणजे सांधे बुजविणे. कापसाची सैलसर वात फटीत घालून बोथट पटाशीने आणि मोगरीने ती आत बसवितात. यात ताकदीपेक्षा कानाचे काम अधिक. वात सैल असते तोवर आवाज पोकळ येतो. भरत आली की तो बदलतो. आवाज बदलल्यावरही ठोकीत राहिले तर फळ्याच एकमेकींपासून दूर सरतात आणि चांगली होडी धष्टपुष्ट अडाण्याच्या हातून बिघडते. कापसावर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरतात, आणि मग रंग.

शीड तोवर घरात पसरलेले असते. उन्हाने कापडाआधी शिवणीचा दोरा मरतो. म्हणून पुष्कळ शिडे फाटत नाहीत, उसवतात. दोन्ही हातांनी शिवण ताणून पाहावी आणि जिथे टाका तुटेल तेथपासून पुन्हा शिवावी. खलाशी लोक तळहाताला चामड्याची पट्टी बांधून सुई रेटतात. हे काम नातीला देता येते, आणि तिने ते घेतलेच पाहिजे. कारण जिने शीड शिवले तिला ते कोठे कच्चे आहे हे पाण्यात गेल्यावर आठवते.

श्रावण येतो. पावसाचा जोर ओसरू लागतो. नारळी पौर्णिमेला खाडीकाठचे लोक दर्याला नारळ अर्पण करतात. होडीला रंग लागलेला असतो, नाळेला हळदकुंकू आणि फुलांची माळ असते. भरतीची वेळ पाहून चारआठ जण पुन्हा खांदा देतात आणि होडी पाण्यात उतरते.

आणि ती गळू लागते.

दोन पावसाळे झटून वाचविलेली, तीन महिने ठोकूनठाकून सजविलेली होडी पहिल्याच तासाला घोटाभर पाण्याने भरते. बांधावरची मुले हसतात. नातीचे तोंड उतरते. आजोबा मात्र घरून जेवणाचा डबा आणि एक पत्र्याचा डबा मागवून घेतात आणि होडीतच बसतात. सुकलेले लाकूड पाणी पिऊ लागले आहे, हे ते जाणतात. पाणी प्यालेली फळी फुगते. फुगलेली फळी शेजारणीला रेटते. दोघींमधला कापूस दाबला जातो. यालाच वेळ लागतो, आणि तोवर कोणीतरी उपसत राहावे लागते.

“किती वेळ?” नात विचारते.

“ती सांगेल,” आजोबा म्हणतात आणि डबा तिच्या हाती देतात.

रात्री पलीकडच्या तीरावर मुंबईचे दिवे लागतात. पुलावरून गाड्यांची रांग सरकत असते. होडीत पाणी उपसल्याचा आवाज आधी सारखा येत राहतो, मग थांबून थांबून. पहाटेच्या ओहोटीला नात खाली वाकून तळाशी हात घालते. डबा बुडेल इतके पाणी आता नसते. ती फडक्याने पुसून घेते, फडके पिळते आणि पुन्हा हात लावून पाहते.